शाई अडवणारा लेप

छापलेल्या फोटोतला काळा रंग किती गडद उतरेल, हे बरंचसं कागदावरच्या एका पातळ लेपावर ठरतं. बाजारात मिळणाऱ्या इंकजेट फोटो पेपरवर हा लेप कारखान्यातच चढवलेला असतो, त्यामुळे तो असतो हेही आपल्याला सहसा जाणवत नाही. मी तो स्वतःच्या हाताने देते. पुण्यात, घराच्या मागच्या खोलीत, हातकागदावर. माझे विषय बहुतेक दगडाचे असतात: घाटवाटा, लेणी, गडांचे दरवाजे. सह्याद्रीचा कातळ पावसात भिजला की जवळजवळ काळा होतो, आणि छिन्नीच्या घावांच्या बारीक खुणा त्या काळ्यातच असतात. त्या कागदावर आणायच्या तर लेपाचं काम समजून घ्यावंच लागतं.

इंकजेटची शाई म्हणजे मुख्यतः पाणी. पिगमेंट शाईत रंगाचे सूक्ष्म कण या पाण्यात तरंगत असतात. प्रिंटरचं हेड काही पिकोलिटरचे थेंब फवारतं. एक पिकोलिटर म्हणजे लिटरचा एक लाख कोटीवा भाग. लेप नसलेल्या हातकागदावर असा थेंब पडला की कापसाचे तंतू त्याला ओढून घेतात. थेंब आडवा पसरतो, त्याची कड फुटते, आणि रंगाचे कण पाण्याबरोबर आत जाऊन तंतूंच्या आड बसतात. जो रंग डोळ्याला दिसायला हवा तो कागदाच्या पोटात जातो आणि वर मळकट राखाडी उरतो.

छपाईतले लोक काळेपणा घनतेत मोजतात. घनता १ असेल तर कागदावर पडलेल्या उजेडाचा दहावा हिस्सा परत येतो, २ असेल तर शंभरावा. लेपाविना काळा रंग साधारण १.२ च्या आसपास थांबतो, म्हणजे सहा टक्के उजेड परततो. चांगल्या मॅट लेपावर तो १.६ पर्यंत जातो आणि परतणारा उजेड अडीच टक्क्यांवर येतो. फरक ऐकायला किरकोळ आहे. पण नाणेघाटातल्या दगडी रांजणाच्या फोटोत रांजणाच्या पोटातला अंधार आणि शेजारची सावली एकमेकींपासून वेगळ्या दिसतात, त्या एवढ्याच फरकामुळे.

लेप हे कसं साधतो? मॅट कागदावरच्या लेपात सिलिकाची बारीक पूड असते आणि ती धरून ठेवायला पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखं बंधक. सिलिकाचे कण सच्छिद्र असतात. शाईतलं पाणी त्या छिद्रांत झटकन शिरतं आणि रंग वरच अडकतो. शाईतल्या रंगावर बहुधा ऋण विद्युतभार असतो. लेपात धनभार असलेला पदार्थ मिसळला की रंग पडल्या जागीच धरला जातो. दुसरी रीत जिलेटिनसारख्या पदार्थांची. त्यांचा थर शाईचं पाणी पिऊन फुगतो आणि वाळताना पुन्हा बसतो.

कागदावर लेप देणं हे फोटोग्राफरचं जुनंच काम आहे. सुरुवातीच्या मिठाच्या कागदावर प्रतिमा तंतूंच्या आत उतरायची, म्हणून ती मऊ आणि फिकी दिसायची. १८५० मध्ये फ्रान्सच्या ब्लांकार-एव्हरार यांनी अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप दिलेला अल्ब्युमेन कागद पुढे आणला. चांदीची प्रतिमा तंतूंऐवजी त्या थरात राहू लागली. छाया गडद झाल्या, तपशील उघडे पडले. सॅम्युअल बोर्न यांनी टिपलेला हिमालय आणि राजा दीनदयाळ यांनी टिपलेल्या इमारती आपण ज्या तपकिरी झाकेच्या प्रिंटमध्ये पाहतो, त्या याच कागदावरच्या.

आपल्याकडे तर फोटोग्राफीच्या कितीतरी आधीपासून कागदाला हे संस्कार होत. जुन्नर आणि दौलताबादजवळचं कागजीपुरा ही दख्खनची कागद बनवणारी ठिकाणं. लिहिण्याच्या कागदाला पिठाची खळ द्यायची आणि वाळल्यावर गुळगुळीत दगडाने घोटायचं, म्हणजे बोरूची शाई फुटत नाही. बोरूच्या जागी आज प्रिंटरचं हेड आलं, तरी शाईला पृष्ठभागावर थोपवायचं काम तेच राहिलं आहे.

पुण्यात हातकागद मिळणं सोपं आहे. शिवाजीनगरची हातकागद संस्था १९४० सालची, गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या विचारातून उभी राहिलेली. सुती चिंध्यांच्या लगद्याचा जाड, अडीचशे-तीनशे ग्रॅमचा कागद मला मानवतो. घेताना त्याचा पीएच आधी बघते. खळीत राळ आणि तुरटी असेल तर आम्लामुळे कागद काही वर्षांत पिवळा आणि ठिसूळ होतो. मग वर कितीही टिकाऊ शाई असली तरी उपयोग नाही. पीएच तपासायचं पेन कागदाच्या कोपऱ्यावर ओढलं की पुरतं.

लेप तयार मिळतो. इंकएड किंवा गोल्डन कंपनीचा डिजिटल ग्राउंड जगभरचे कलाकार वापरतात. त्यात पारदर्शक आणि पांढरा असे दोन मुख्य प्रकार असतात आणि यातली निवड मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. आपल्या नेहमीच्या फोटो प्रिंटरमध्ये पांढरी शाई नसते. फोटोतले पांढरे ढग, चुन्याची भिंत, पाण्यावरची चमक, हे सगळं म्हणजे न छापलेला कागद. पारदर्शक लेप दिला तर कागदाचा सायीसारखा रंग आणि तंतू त्या उजळ जागांत दिसत राहतात. पांढरा दिला तर कागदाचा रंग झाकला जातो, नुसता पोत उरतो. पावसाळी आभाळाला मी पारदर्शक लेप देते, कारण हातकागदाचा सायीसारखा रंग त्या उजेडाच्या जवळचा आहे. चुन्याच्या भिंतीला मात्र पांढराच लागतो.

काम धीराचं आहे. कागद मऊ कोरड्या ब्रशने झाडून सुटे तंतू काढायचे, नाहीतर ते नंतर हेडला चिकटतात. मग चारी कडांना टेप लावून तो फळीवर ताणायचा. रंगारी भिंतीला देतो तसे लेपाचे दोन हात द्यायचे, एक उभा, तो वाळल्यावर दुसरा आडवा. हात पातळच हवा. जाड दिला की बुडबुडे राहतात, आणि वाळल्यावर तिथे छपाईत टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके पडतात. रुंद, मऊ केसांचा ब्रश फोमच्या ब्रशपेक्षा बरा. त्याच्या ओळी राहतात, पण दगडाच्या फोटोत त्या ओळी मला हव्याच असतात. पावसाळ्यात वाळायला फार वेळ लागतो, म्हणून वर्षभराचे कागद मी पावसाळ्याच्या आधीच लेपून ठेवते. वाळलेला कागद पाटाखाली दाबून सपाट करायचा. लेप बोटाला जरा जरी चिकटत असेल तर तो प्रिंटरमध्ये घालायचा नाही.

प्रिंटर कागद मागून सरळ घेणारा हवा. हातकागदाची कच्ची कड हेडला घासू शकते, म्हणून आत जाणारी बाजू सरळ कापायची आणि हेड व कागद यांतलं अंतर सेटिंगमध्ये वाढवायचं. दर लेपाचा रंगप्रतिसाद वेगळा असतो. रंगांच्या चौकोनांचा तक्ता त्या कागदावर छापून, स्पेक्ट्रोफोटोमीटरने मोजून आयसीसी प्रोफाइल, म्हणजे त्या कागदासाठीची रंगांची नोंद, करून घेतलं की स्क्रीनवरचा रंग कागदावर बराचसा तसाच येतो. छापल्यावर दिवसभर वाळू द्यायचं आणि वर संरक्षक व्हार्निशचा फवारा मारायचा, कारण यातले बरेच लेप पाण्यापुढे टिकत नाहीत.

एकसारख्या पन्नास प्रती हव्या असतील तर कारखान्याचा कागदच वापरावा. तो उत्तम आणि भरवशाचा असतो. हाताने लेपलेल्या दोन कागदांवर एकच फोटो थोडा निराळा येणार. मला हे काम मोलाचं वाटतं ते निर्णय हातात राहतो म्हणून. शाई किती खोल जाऊ द्यायची, उजेडाचा रंग कोणता, कागद किती बोलू द्यायचा, हे प्रश्न कॅमेऱ्याच्या ॲपर्चरइतकेच फोटोचे आहेत. ते दुसऱ्यावर सोपवले की फोटोचा एक हिस्साही आपण सोपवून देतो.

करून पाहायचं असेल तर हातकागदाच्या एका तावाला अर्ध्यावरच लेप द्या, उरलेला अर्धा कोराच ठेवा, आणि गडद छायांचा एखादा फोटो दोन्ही अर्ध्यांवर पसरेल असा छापा. दिवसाच्या उजेडात सर्वांत काळी जागा शोधा आणि मधल्या रेषेपाशी दोन्ही बाजू ताडून बघा. कदाचित कोरा अर्धाच तुम्हाला आवडेल. धुक्याच्या फोटोला ती मऊ, पसरलेली शाई शोभतेही. मात्र ती निवड तुम्ही डोळ्यांनी पाहून केलेली असेल.