हजेरीपटावरचा फुटबॉलपटू

फुटबॉलपटूची कारकीर्द पस्तिशीच्या आसपास आटोपते. इतर पेशांतली माणसं तेव्हा कुठे रुळलेली असतात. त्यानंतरच्या आयुष्याची सोय आपल्याकडे खात्यांच्या संघांनी केली होती. रेल्वे, पोलीस, बँका खेळाडूला स्पोर्ट्स कोट्यातून नोकरी देत. सकाळी हजेरीपटावर सही, टेबलावरचं थोडं काम, मग बूट-मोजे घेऊन मैदान. खेळ सुटला तरी सही चालू राहायची. आय. एम. विजयन यांचंच पाहा. त्रिशूरच्या स्टेडियममध्ये सोडा विकणारा हा मुलगा सतराव्या वर्षी केरळ पोलिसांच्या संघात आला. पुढे कोलकात्याच्या बड्या क्लबांनी त्यांना नाव दिलं, पण उत्तरायुष्य सावरलं ते पोलिसांच्या नोकरीनेच. 2025 मध्ये ते मलबार स्पेशल पोलीसमधून डेप्युटी कमांडंट म्हणून निवृत्त झाले. पद्मश्रीही त्याच वर्षी मिळाली.

नोकरी पक्की झाली की खेळाडू सुस्तावतो, असं म्हणतात. पण पी. के. बॅनर्जी जवळजवळ सारी कारकीर्द ईस्टर्न रेल्वेकडूनच खेळले. त्या संघाने 1958 मध्ये कलकत्ता लीग जिंकली, आणि 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताचे कर्णधार असलेल्या बॅनर्जींनी फ्रान्सविरुद्ध गोल केला. दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे: आजचा वेगवान खेळ अर्धवेळ सरावावर झेपत नाही. हे मला मान्य आहे. जुनी पद्धत जशीच्या तशी परत आणा, असं माझं म्हणणंच नाही. पण नोकरी जो भार उचलायची, तो आता क्लबच्या करारानेही उचलायला हवा. मोठ्या मानधनातून म्हातारपणाची पुंजी साठते ती मोजक्या ताऱ्यांची. बाकीच्यांचं काय होतं, ते 2025 मध्ये दिसलं. जुलैत इंडियन सुपर लीगचा हंगाम अडकला आणि ऑगस्टमध्ये बंगळुरू एफसीने मुख्य संघाचे पगार थांबवले. ज्यांचा चालू महिनाच असा बेभरवशाचा, त्यांनी चाळिशीची तजवीक कुठून करायची?

व्यावसायिक संघाचा सराव बहुधा दोनेक तासांचा असतो. जेवण, झोप, मालिश धरूनही आठवड्यातल्या काही दुपारी उरतात. प्रशिक्षकाच्या परवान्याचा अभ्यास किंवा अर्धवट सुटलेली पदवी त्या वेळात पुरी होऊ शकते. तिची फी क्लबने भरावी, असं कलम करारातच असावं. शिवाय मानधनाचा काही हिस्सा निवृत्ती निधीत जावा, आणि तो निधी क्लबच्या तिजोरीत न ठेवता खेळाडूच्या नावावर ठेवावा. कारण क्लबचा भरवसा नाही. मुंबईच्या महिंद्रा युनायटेडने 2005-06 मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली, आणि 2010 मध्ये संघ बंद झाला. पुढच्याच वर्षी फगवाड्याच्या जेसीटीनेही गाशा गुंडाळला.