सुकाणू मुलांच्या हाती

दर्यापूरच्या नावात दर्या आहे. परंतु गावाभोवती पाहू गेल्यास चंद्रभागेचे पात्र, काळी जमीन आणि कपाशीची शेते यांवाचून दुसरे काही दृष्टीस पडत नाही. समुद्राची आठवण करून देणारी गोष्ट एकच, ती म्हणजे खारपाणपट्ट्यातील विहिरींचे खारट पाणी! अशा गावच्या वाचकांपुढे शिडाच्या नावांच्या शर्यतींचा विषय मांडल्यास ते हसतील, हे आम्ही जाणून आहोत. 'समुद्र कोकणवाल्यांचा, वऱ्हाडच्या पोराने तेथे जाऊन काय करावयाचे?' असे घरातील वडील मंडळी विचारतील. प्रश्न रास्त आहे. पण त्याचे उत्तर गेल्या काही वर्षांत मुलांनीच देऊन ठेविले आहे.

सातपुडा आणि नर्मदा ओलांडून उत्तरेस गेले म्हणजे भोपाळ लागते. तेथील मोठा तलाव भोजराजाने बांध घालून निर्माण केला, अशी परंपरा आहे. समुद्र तेथून शेकडो मैल दूर. तरी याच शहरातील नॅशनल सेलिंग स्कूलमध्ये शिकलेली नेहा ठाकूर ही देवास जिल्ह्यातील शेतकऱ्याची सतरा वर्षांची मुलगी 2023 साली चीनमधील हांगझौ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत रौप्यपदक मिळवून आली. तिच्या आधी, 2018 साली, नर्मदाकाठच्या होशंगाबादच्या हर्षिता तोमरने जकार्ता येथे, मुलगे व मुली यांच्यासाठी खुल्या असलेल्या शर्यतीत, कांस्यपदक मिळविले होते. पवारांचे देवास आणि नर्मदेचे होशंगाबाद यांना जे साधले, ते वऱ्हाडास का साधू नये?

ही विद्या समुद्राची म्हणून ओळखली जाते खरी. पण तिचा मुख्य विषय पाणी नसून वारा आहे. शिडाची नाव वाऱ्याच्या तोंडावर सरळ जाऊ शकत नाही. वारा समोरून असेल तेव्हा त्याच्याशी सुमारे पंचेचाळीस अंशांचा कोन करून, कधी डाव्या तर कधी उजव्या अंगाने वारा घेत, नागमोडी वाटेने पुढे सरकावे लागते. नाव चालविता येणे ही या विद्येची मुळाक्षरे. वारा किंचित फिरला, हे प्रतिस्पर्ध्याच्या आधी ओळखून बाजू पालटावी की त्याच अंगाने पुढे जावे, याचा निर्णय क्षणात करणे हे तिचे वरचे शिक्षण होय. अनुकूल फिरलेला वारा नावेस वाट कमी करून देतो. प्रतिकूल वाऱ्यात हट्टाने पुढे जाणारा शहाणा मागे पडतो.

तलावावर शिकलेल्या मुलांचा लाभ येथेच आहे. मोकळ्या समुद्रावरून येणारा वारा पुष्कळसा एकसारखा असतो. तलावाकाठच्या टेकड्या, झाडे व इमारती वाऱ्यास अडवितात, मोडतात, वळवितात. घटकेत झोत, घटकेत शांतता. पाण्यावर उमटणारी काळसर झुळूक पाहून वारा आपणाकडे केव्हा पोहोचेल, हे अशा पाण्यावर शिकणाऱ्यास नित्य ओळखावे लागते. अर्थात तलाव पुरेसा नव्हे. लाटांवर नाव कशी झेलावी, भरती-ओहोटीचा ओघ कसा हिशेबात धरावा, हे पुढे समुद्रावर जाऊनच शिकावे लागते. त्यासाठी मुंबईसारखी जागा नाही. 1982 च्या आशियाई स्पर्धांतील नौकाशर्यती मुंबईच्याच पाण्यावर झाल्या आणि फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी तेथे भारतास सुवर्णपदक मिळवून दिले.

लहान मुलांच्या हाती प्रथम जी नाव देतात, तिचे नाव ऑप्टिमिस्ट. अमेरिकेतील क्लार्क मिल्स यांनी ती 1947 साली आखिली. लांबी पावणेआठ फुटांच्या आसपास, वजन 35 किलो आणि आत बसणारे मूल एकच. पंधरा वर्षांपर्यंत ही नाव चालविल्यावर मुले इल्का नावाच्या चौदा फुटी नावेकडे वळतात. तिची योजना मोठी सोयीची आहे: सांगाडा तोच, शीड मात्र वयाप्रमाणे व अंगच्या बळाप्रमाणे वाढत जाते, प्रथम 4.7 चौरस मीटर, मग 5.7 आणि शेवटी सात.

परंतु आमच्या वाचकांस आम्ही विशेषेकरून जे सांगू इच्छितो, ते याहून निराळे आहे. शर्यत सुरू झाली म्हणजे त्या नावेत मूल एकटे असते. बाहेरून कोणी सल्ला देणे नियमास सोडून आहे; गुरूने किनाऱ्यावरून ओरडून सांगावयाचे नाही, मग आईबापांची कथा काय! शर्यतीच्या आरंभापूर्वी पाच मिनिटे निशाण चढते. त्या पाच मिनिटांत डझनावारी नावा एका काल्पनिक रेषेमागे घिरट्या घालीत असतात. रेषा आधी ओलांडली तर परत फिरावे लागते, उशीर झाला तर पुढच्यांच्या शिडांनी वारा अडतो. डाव्या अंगाने वारा घेणाऱ्या नावेने उजव्या अंगाने वारा घेणाऱ्या नावेस वाट दिली पाहिजे, हा पहिला नियम. तो मोडल्याचे आपल्या ध्यानी आले, तर कोणी सांगण्याची वाट न पाहता आपण होऊन नाव दोनदा गरकन फिरवून दंड भोगावयाचा. ज्या खेळात अपराध्यास स्वतःच न्यायाधीश व्हावे लागते, असे खेळ फारसे नाहीत.

गुणांची रीतही बोधप्रद आहे. पहिल्यास एक गुण, दुसऱ्यास दोन, आणि ज्याची बेरीज सर्वांत कमी तो विजयी. प्रत्येकाची एक वाईट शर्यत वगळतात. हांगझौ येथे नेहाच्या अकरा शर्यतींची बेरीज 32 झाली. वगळलेली सर्वांत वाईट शर्यत पाच गुणांची, म्हणून उरले 27. म्हणजे पाचव्या क्रमांकाखाली ती एकदाही गेली नाही. एखाद दिवशी चमकण्यापेक्षा रोज नेटके राहणे येथे फळास येते. त्याच स्पर्धेत विष्णू सरवणन यास कांस्यपदक मिळाले. रौप्य अवघ्या एका गुणाने हुकले!

आमच्या एकत्र कुटुंबांत मुलांवर माया अपार. परंतु त्यांच्या वतीने निर्णय घेणारी वडील माणसेही तितकीच. शाळा कोणती, विषय कोणता, इतकेच काय, आज स्वेटर घालावा की नाही, हेही आजी ठरविते. या मायेविषयी आम्हास आदरच आहे. तथापि सोळा वर्षांपर्यंत एकही निर्णय स्वतः न केलेले मूल सतराव्या वर्षी अकस्मात शहाणे होत नसते. लहान नावेतील मुलाचा निर्णय चुकला तर ते मागे पडते, फार तर नाव उलटते. आणि उलटलेली नाव तळाच्या फळीवर उभे राहून सरळ कशी करावी, हे त्यास पहिल्या धड्यांतच शिकविलेले असते. चुकीचे मोल इतके स्वस्त पडावे, अशी पाठशाळा दुसरी कोठे मिळेल?

पाण्याची धास्ती आम्ही खोटी म्हणत नाही. विहिरी-तलावांवर बुडून मुले जातात, हे दुःख आपल्या गावांस ठाऊक आहे. पण ती बहुधा न शिकलेली, एकटी गेलेली मुले असतात. पोहणे आधी, शीड नंतर. अंगात तरंगते जाकीट नेहमी. नाव उलटली तर तिला सोडून किनाऱ्याकडे न जाणे. आणि जवळ रक्षकनौका असल्यावाचून पाण्यात न उतरणे, हे चार नियम पाळणारी मुले नदीच्या डोहात चोरून उतरणाऱ्या मुलांपेक्षा खचित अधिक सुरक्षित असतात.

खर्चाचा प्रश्नही आहे. नाव विकत घेणे मध्यम स्थितीच्या गृहस्थास परवडणारे नाही. म्हणून संस्थेच्या नावांवरच शिकावे. एन. सी. सी.च्या नौदल शाखेत शिडाचा परिचय होऊ शकतो. पाणी तर आपल्या जिल्ह्यातही आहे. मोर्शीजवळ सिंभोऱ्यास अप्पर वर्धा धरणाचा विस्तीर्ण जलाशय पसरलेला आहे. उणीव असेल तर ती इच्छेची व सोयीची.

सर्वच मुले पदके आणणार नाहीत, आणि आणावीत असा आग्रहही नसावा. पण वारा फिरल्याचे ओळखणे, वेळीच बाजू पालटणे आणि चूक झाली तर कोणी न सांगता दंड भोगणे, एवढे जो शिकला, त्याच्या हाती पुढे घराचे सुकाणू देताना वडील मंडळींस चिंता वाटू नये. मात्र त्यासाठी त्यांनी आजच काही काळ किनाऱ्यावर शांत उभे राहण्यास शिकले पाहिजे. आणि हा धडा मुलांच्या धड्याहून कठीण आहे, असे आम्हास वाटते.