गाडी फर्स्ट क्लास, आवाज सेकंड क्लास?

लेदर सीट्स झकास, सनरूफ झकास, आणि गाणं लावलं की पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखं! मग कंपनीची सिस्टीम उचकटून नवी बसवायची, की गप्प बसायचं? खिशात हात घालण्याआधी हे वाचाच.

माझ्या आतेभावानं गेल्या वर्षी गाडी घेतली. जर्मन सेदान, सेकंडहँड (शोरूमच्या भाषेत 'प्री-ओन्ड'), पण काय दिसते म्हणून सांगू! कोथरूडच्या सोसायटीत पेढे वाटून झाले, नारळ फुटला, लिंबू-मिरची लागली आणि पहिल्या रविवारी आम्ही चौघं लोणावळ्याला निघालो. एक्स्प्रेस-वेला लागल्यावर दादानं मोठ्या ऐटीत व्हॉल्यूम वाढवला. दोन मिनिटं कुणीच काही बोललं नाही. मग मागच्या सीटवरून वहिनी म्हणाली, "अरे, आपल्या जुन्या गाडीतच बरं वाजायचं की!"

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

सोमवारी ऑफिस सुटल्यावर तो थेट एका कार-ऑडिओवाल्याकडे गेला आणि कोटेशन घेऊन आला. दोन लाख चाळीस हजार. नवे स्पीकर, नवा अँप, डिकीत सबवूफर, लेबर वेगळी. इकडे गाडीचा ईएमआय ३१ हजार, लेकीची नर्सरीची अॅडमिशन तोंडावर, आणि गाडीची वॉरंटी अजून १४ महिने शिल्लक. वहिनीनं कोटेशन वाचलं, फ्रिजवर मॅग्नेटखाली लावलं आणि त्यावर पेननं प्रश्नचिन्ह काढलं. मी गॅजेट्सवर लिहितो म्हणून प्रश्नचिन्ह माझ्याकडे आलं. पुढचे तीन वीकेंड त्यातच गेले.

नाव मोठं, पण कुणाचं?

पहिला फंडा असा की लक्झरी गाडी घेतली म्हणजे लक्झरी आवाज आपोआप मिळतो, हा गैरसमज आहे. ह्या कंपन्या आवाज 'लेव्हल'मध्ये विकतात. २०१२ च्या सुमारास आलेल्या बीएमडब्ल्यू ३ सीरिजचंच (एफ-३० पिढीचं) बघा. बेसिक सेटमध्ये सहा स्पीकर, त्यात ट्वीटर नाहीतच. वरच्या हरमन कार्डन सेटमध्ये १६ स्पीकर आणि ६०० वॉट. बाहेरून गाडी तीच, बोनेटवरचा बिल्ला तोच. सेकंडहँड घेताना आपण टायर बघतो, किलोमीटर बघतो, सर्व्हिस रेकॉर्ड बघतो; स्पीकरच्या जाळीवर काय लिहिलंय हे कोण बघतं?

आणि त्या जाळीवरच्या नावांचीही गंमत आहे. गाडीत नामवंत ब्रँडचा आवाज घालायचा प्रकार तसा जुना. अमर बोस हे बंगाली वडिलांचे अमेरिकेत जन्मलेले चिरंजीव, एमआयटीतले प्राध्यापक. त्यांच्या कंपनीनं जनरल मोटर्सबरोबर काम केलं आणि १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या गाड्यांत खास त्या-त्या केबिनसाठी बेतलेली सिस्टीम आली. २००५ मध्ये ऑडी ए-८ मध्ये बँग अँड ओलुफसेन आलं. गाडी सुरू केली की डॅशबोर्डमधून दोन ट्वीटर हळूच डोकं वर काढायचे! आज मात्र बरीच नावं एकाच छपराखाली आहेत. हरमन कार्डन, जेबीएल, इन्फिनिटी, लेक्ससमधलं मार्क लेव्हिन्सन, सगळे हरमनचे. बँग अँड ओलुफसेनचा गाड्यांचा धंदाही २०१५ मध्ये हरमननं घेतला, आणि २०१७ मध्ये खुद्द हरमनच सॅमसंगनं विकत घेतली. ह्या हरमनचा एक कारखाना आपल्या चाकणला आहे. तिथल्याच पंचक्रोशीत मर्सिडीझचाही आहे.

पण ब्रँडपेक्षा महत्त्वाचं आहे ते 'केबिनसाठी बेतलेली' हे प्रकरण. घरात स्पीकर कुठे ठेवायचा ते आपण ठरवतो. गाडीत आपण एका बाजूला बसलेलो, उजवा स्पीकर हाताशी, डावा लांब, एकीकडे काच, दुसरीकडे मऊ सीट. इंजिनियर लोक प्रत्येक सीटवर डोक्याच्या जागी मायक्रोफोन ठेवून आवाज मोजतात आणि मग जवळच्या स्पीकरचा आवाज काही मिलिसेकंद उशिरा सोडतात, म्हणजे गायक समोर काचेच्या मध्यावर उभा आहे असं वाटतं. बीएमडब्ल्यूनं वूफर पुढच्या सीट्सखाली घातले आणि दाराखालच्या पोकळ पट्टीचा डब्यासारखा वापर केला. मर्सिडीझचं 'फ्रंटबास' तर पायांपुढच्या पोकळीत लपवलेलं असतं. म्हणजे गाडीचा सांगाडाच वाद्याचा भाग झाला. त्यातला एक तुकडा काढून दुकानातला महागडा स्पीकर बसवला की आवाज सुधारेलच असं नाही. बिघडूही शकतो.

तारेऐवजी प्रकाश!

दुसरी गोष्ट मला माझ्या एका मित्राच्या खिशातून शिकायला मिळाली. त्यानंही अशीच एक गाडी घेतली आणि रस्त्यावरच्या एका दुकानात (नाव जाऊ दे) दीड दिवसात 'फुल सेटअप' करून घेतला. दणका जबरी होता, मान्य. पण तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी सुरूच होईना. गाडी बंद केल्यावरही नवा अँप जागाच राहायचा आणि रात्रभर बॅटरी पीत बसायचा. शिवाय पार्किंग सेन्सरची 'पीं पीं' गायब, सीटबेल्टचा इशारा गायब, इंडिकेटरचा टिकटिक आवाजसुद्धा गायब! कारण ह्या गाड्यांत ते सगळे आवाज ऑडिओ सिस्टीममधूनच येतात.

२००१ च्या बीएमडब्ल्यू ७ सीरिजपासून जर्मन गाड्यांत 'मोस्ट' नावाचं जाळं आलं. हेड युनिट, अँप, फोन हे सगळं काचेसारख्या फायबरच्या एका रिंगमध्ये जोडलेलं, आणि आवाज विजेऐवजी प्रकाशातून फिरतो. ह्या रिंगमधला एक डबा काढला किंवा तुटला की अख्खी रिंग मुकी. नव्या गाड्या आता इथरनेटकडे वळल्यात, पण तत्त्व तेच: ऑडिओ म्हणजे गाडीच्या मेंदूचा एक कोपरा आहे, वेगळा डबा नाही. काही मॉडेल्समध्ये छतातले मायक्रोफोन केबिनमधली घुमघुम ऐकतात आणि स्पीकरमधून उलटा आवाज सोडून ती मारतात. तिथे भलताच सबवूफर बसला की हे डोकं गोंधळतं आणि स्वतःच घुमायला लागतं. आणि बीएमडब्ल्यूनं तर २०११ च्या एम-५ मध्ये इंजिनाचा आवाजच स्पीकरमधून वाजवायला सुरुवात केली. इंजिनही प्लेबॅक देतं बघा!

मित्राला सर्व्हिस सेंटरनं इलेक्ट्रिकलची वॉरंटी नाकारली. कापलेलं वायरिंग पाहिल्यावर त्यांना तरी काय बोलणार? नवं हार्नेस, पुन्हा कोडिंग, बॅटरी. आकडा सांगताना तो हसत होता, पण ते हसणं काही खरं नव्हतं. इन्शुरन्सवाल्यांनाही त्यानं काही कळवलं नव्हतं. बाहेरून बसवलेली महागडी सिस्टीम पॉलिसीत दाखवली नसेल आणि उद्या चोरीला गेली, तर तिचे पैसे विसरा.

म्हणून दादाला पहिली अट घातली: वॉरंटी संपेपर्यंत एकही वायर कापायची नाही. जे काय बसेल ते मूळच्या सॉकेटमध्ये बसणारं, म्हणजे 'प्लग अँड प्ले', आणि कधीही काढून पुन्हा जुनं लावता येईल असं.

आधी फुकटात काय होतं ते बघा

दुसऱ्या शनिवारी आम्ही बेसमेंटच्या पार्किंगमध्ये गाडी बंद करून बसलो. सोबत वडापाव आणि एक टेस्ट-लिस्ट. 'सैराट'ची (२०१६) गाणी घेतली, कारण त्यांची सिम्फनी हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर खरोखरचे वादक बसवून रेकॉर्ड झालीय. व्हायोलिन डावी-उजवीकडे पसरतात की एका जागी चिकटतात ते लगेच कळतं. 'झिंगाट' बाससाठी. आणि लताबाईंची पन्नासच्या दशकातली गाणी. ती मोनो आहेत, त्यामुळे आवाज बरोब्बर मध्यभागी यायला हवा. नाही आला, तर समजा बॅलन्समध्ये गडबड आहे.

आणि होतीच! आधीच्या मालकानं बॅलन्स उजवीकडे ढकललेला, बास पूर्ण वर, ट्रेबल शून्यावर. फोनवरच्या अॅपची क्वालिटी 'डेटा सेव्हर'वर. फोनमधला इक्वलायझर वेगळाच चालू. म्हणजे एकाच गाण्याला दोन-दोन ठिकाणी फोडणी. सगळं सपाट केलं, ब्लूटूथऐवजी केबल लावली, अॅपमध्ये हाय क्वालिटी केली. खर्च शून्य रुपये. फरक? दादा वडापाव खायचा थांबला, एवढंच सांगतो.

तरीही काहीतरी कमी होतं. वरचे सूर बोथट, कारण ट्वीटर नाहीत. आणि रस्त्यावर आल्यावर बास पुन्हा गायब. हे स्पीकरचं पाप नाही. आपल्या काँक्रीटच्या रस्त्यावर ८०-१००च्या स्पीडला टायरची जी घरघर येते, ती नेमकी खालच्या सुरांवर बसते आणि त्यांना झाकून टाकते. त्यावर लोक काय करतात? वॉट वाढवतात. पण २०० वॉटचे ६०० केले तर आवाज तिप्पट होत नाही, जेमतेम ५ डेसिबलनं वाढतो. कानाला दुप्पट वाटायला दहापट पॉवर लागते. त्यात कंपनीची सिस्टीम हुशार. व्हॉल्यूम वाढवला की ती छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून बास स्वतःच कापते. त्या कापलेल्या सिग्नलवर तुम्ही मोठा अँप लावला तर कापलेलंच मोठं होऊन ऐकू येतं. ते सरळ करायला डीएसपी लागतो आणि तो नीट ट्यून करणारा माणूस लागतो. दुकानात विचारा, "मायक्रोफोननं मोजून ट्यून करणार का?" समोरचा गोंधळला, तर चहा पिऊन परत या.

शेवटी दादानं पुढच्या दोन दारांत आतून ब्युटाइलचे डॅम्पिंग शीट लावून घेतले (दाराचा पत्रा थरथरायचा थांबतो, दार लावतानाचा आवाजसुद्धा 'धप्प' असा श्रीमंत होतो), आणि मूळच्या कनेक्टरवर बसणारे ट्वीटरसकटचे स्पीकर घेतले. सीटखालचे वूफर तसेच ठेवले. सगळं मिळून ४६ हजार. बिल ठेवलंय, इन्शुरन्सला मेल गेलाय, जुने स्पीकर माळ्यावर.

मग दोन-अडीच लाखांचं काम कुणी करावंच नाही का? करावं की! वॉरंटी संपलेली, गाडी पाच-सात वर्षं ठेवायचीय, रोज हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये दोन तास जातात आणि गाणं हीच करमणूक आहे, तर खुशाल करा. पण मुळातच वरच्या लेव्हलची सिस्टीम असेल, बरमेस्टर किंवा बँग अँड ओलुफसेन, तर माझं स्पष्ट मत आहे: हात लावू नका. आणि नवी गाडी घेत असाल तर बुकिंगच्या वेळीच वरचा ऑप्शन घ्या, नंतर कंपनीचाच महागडा सेट बसवणं म्हणजे वायरिंगपासून कोडिंगपर्यंत सगळं नव्यानं. एक टोमणा जाता जाता. महिंद्रानं २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आणलेल्या एक्सईव्ही ९ई आणि बीई ६ मध्ये वरच्या व्हेरिएंटला १६ स्पीकरचं हरमन कार्डन आणि डॉल्बी अॅटमॉस मिळतं, जर्मन गाडीच्या निम्म्या किमतीत. दादाला हे अजून पचलेलं नाही.

मागच्या रविवारी पुन्हा लोणावळा झालं. लेक मागे झोपली होती म्हणून व्हॉल्यूम अगदी कमी. खंडाळ्याच्या अलीकडे वहिनीनं विचारलं, "ह्या गाण्यात बासरी आहे?" दादानं आरशातून माझ्याकडे बघून डोळा मारला. फ्रिजवर आता नवा कागद लागलाय, शांत टायरच्या कोटेशनचा. त्यानं त्यात स्टिकरवरचे डेसिबल बघून टायर निवडलेत. ते डेसिबल गाडीच्या बाहेर मोजलेले असतात, आतले नव्हे, हे त्याला अजून कुणी सांगितलेलं नाही. ह्या शनिवारी वडापाव त्याच्याकडून आहेत, तेव्हा सांगेन.