लक्ष्मी, आलीस का?

मागच्या व्याख्यानात आपण कूर्बेपाशी थांबलो होतो. चित्रकाराने डोळ्यांना दिसेल तेच रंगवावे, हा त्याचा आग्रह. आज त्याच नियमाला एक साधा प्रश्न विचारू: सण डोळ्यांना दिसतो का?

जर्मनीत लुडविग क्नाउस (१८२९–१९१०) नावाचा चित्रकार होऊन गेला. हेसे भागातल्या विलिंग्सहाउझेन गावी तो जायचा आणि तिथली माणसे, पेहराव, चालीरीती टिपून घ्यायचा. त्याचे ‘सुवर्णविवाह’ हे १८५८ सालचे चित्र घ्या. लग्नाला पन्नास वर्षे झालेले म्हातारे जोडपे नाचते आहे, भोवती गाव जमले आहे. इथे कूर्बेच्या नियमाची काहीच अडचण होत नाही. सोहळा ज्यांचा, ती दोघे समोरच आहेत.

आता आपल्याकडे या. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर गौर घरी येते. कुणी गौरी म्हणतात, कुणी महालक्ष्म्या. कुठे मुखवटे, कुठे तेरड्याची रोपे. उंबऱ्यापासून आतपर्यंत पावले काढलेली असतात. गौर घेऊन येणारीला घरोघरी आपापल्या बोलीत विचारतात, लक्ष्मी, आलीस का? ती म्हणते, आले. हे ‘आले’ कोण म्हणाले? दिसते ती घरातली लेक किंवा सून. हे सगळ्यांना ठाऊक असते, तरी कुणी हसत नाही, कुणाला नाटक वाटत नाही. ज्याच्यासाठी सण, तो पाहुणा दिसत नाही. पण त्याला वगळले तर सणच उरत नाही.

कोल्हापुरात जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) १८९० मध्ये मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकायला आले. शिक्षण सगळे पाश्चात्त्य वळणाचे: समोर मॉडेल, छायाप्रकाश, वस्त्राची नेमकी चुणी. १८९५ मध्ये त्यांना बॉम्बे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळाले. ज्या चित्राला मिळाले त्याचे नाव ‘हॅव यू कम, लक्ष्मी?’. क्नाउस गावात पाहुणा होता. धुरंधरांना हा सण घरचा. म्हणून असेल, चित्राला त्यांनी सणाचे नाव न देता सणातला प्रश्नच दिला.

राजा रविवर्म्याचा छापखाना मुंबईत १८९४ मध्ये सुरू झाला, म्हणजे हाच काळ. रविवर्म्याने तोच पेच वेगळ्या तऱ्हेने सोडवला: लक्ष्मीलाच अंगकांती, साडी, दागिने देऊन कमळावर उभे केले. एकदा ती दिसली की आलीस का, हे विचारायचे कारण उरत नाही. डोळे मिटून लक्ष्मी आठवा. आपल्यापैकी बहुतेकांना रविवर्म्याचीच आठवेल. हा त्याचा विजय आहे, नाकारण्यात अर्थ नाही. पण आम्हाला विचाराल तर उंबऱ्यावरच्या त्या क्षणाच्या जवळ धुरंधर आहेत.

कुणी म्हणेल, नाव म्हणजे काही चित्र नव्हे. बरोबर. रंगांनी लेक दाखवता येते, तिचा पदर, तिच्या हातातली रोपे दाखवता येतात. तिला कुणी लक्ष्मी म्हणून हाक मारते आहे, हे मात्र रंगांना सांगता येत नाही. ते नावालाच सांगावे लागते. रविवर्म्याच्या छापखान्याकडे पुढच्या वेळी वळू.