पटवर्धनांचे रुमाल आणि मिरजेचे खरेशास्त्री

बेळगावच्या वडगावातून शहापूरकडे चालत निघाले की एक वस्ती कुठे संपली आणि दुसरी कुठे लागली ते कळत नाही. मागांचा खडखडाट दोन्हीकडे सारखाच. पण १९४८ पर्यंत शहापूर सांगलीकर पटवर्धनांच्या संस्थानात होते आणि हाकेच्या अंतरावरचे बेळगाव इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, आणि १ नोव्हेंबर १९५६ ला चंदगड तालुका वगळता सगळा बेळगाव जिल्हाच म्हैसूर राज्यात गेला. माणसे जागची हलली नाहीत, त्यांचे कागद मात्र पांगले. इथल्या एखाद्या इनामाचा किंवा घराण्याचा माग काढायचा तर बेळगावच्या कचेरीपासून सांगली, कोल्हापूर, पुणे, मुंबई आणि बंगळूरपर्यंत कुठेही जावे लागते. कुठल्या दारात पहिल्यांदा उभे राहायचे हे सांगणारे कोणी भेटले तर नशीब.

म्हणून या भागातल्या माणसाने ज्यांचे ऋण मानावे असे एक नाव मला वारंवार आठवते. वासुदेव वामन खरे, म्हणजेच वासुदेवशास्त्री खरे. जन्म १८५८, गुहागरचा. मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवणे ही त्यांची नोकरी. नाटके लिहिली, नाना फडणविसांचे चरित्र लिहिले, इचलकरंजीकर घोरपड्यांच्या घराण्याचा इतिहास लिहिला. पण १८९७ पासून १९२४ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी जे काम सोडले नाही ते ‘ऐतिहासिक लेखसंग्रहा’चे. मिरजेच्या आसपासच्या पटवर्धन घराण्यांत पडून असलेली पत्रे वाचायची, लावायची आणि छापायची. पेशवाईच्या उत्तरार्धावर लिहिणाऱ्या कोणालाही हे खंड बाजूला ठेवून पुढे जाता येत नाही.

पटवर्धन हे पेशव्यांचे दक्षिणेकडचे मोठे सरदार. एका बाजूला हैदर आणि टिपू, दुसऱ्या बाजूला कोल्हापूरकर, आणि मधल्या मुलखात त्यांच्या छावण्या. परशुरामभाऊ पटवर्धन १७९९ मध्ये कोल्हापूरकरांशी लढताना पट्टणकुडीजवळ पडले, ते आपल्याच चिकोडी-निपाणीच्या पट्ट्यात. छावणीतून घरी आणि घरून छावणीत सतत पत्रे जात. त्यांत लढाईची बातमी असते, तशीच कर्जाची ओढाताण असते, दुखणे असते, पाऊस लांबल्याची काळजी असते. दरबारी खलित्यात माणूस जपून बोलतो. भावाला लिहिताना तो मोकळा होतो, आणि खरेशास्त्र्यांच्या संग्रहाचे मोल मला त्या मोकळेपणात वाटते.

हे काम किती चिवट होते ते एकाच गोष्टीवरून पाहता येईल. पत्राची तारीख. मोडी पत्राच्या शेवटी बहुतेक वेळा ‘छ’ हे अक्षर, मग एक आकडा आणि रबिलावल किंवा साबान असा मुसलमानी महिना एवढेच असते. छ म्हणजे चंद्र. साल लिहिलेलेच नाही, कारण ज्याला पत्र पाठवले त्याला साल माहीत होते. सरकारी कागदावर साल असले तर ते अरबी शब्दांत: ‘इहिदे सितैन मया व अलफ’. एक, साठ, शंभर, हजार, म्हणजे ११६१. हा शुहूर सन, मृग नक्षत्र लागले की बदलणारा. त्यात ५९९ मिळवले की १७६० येते. म्हणजे जून १७६० ते जून १७६१, पानिपताचे वर्ष. पण नुसता छ आणि महिना असलेल्या पत्राला साल द्यायचे तर मजकुरातच शिरावे लागते. कोण जिवंत आहे, कोणाचा मुक्काम कुठे आहे, कोणत्या किल्ल्याला वेढा पडला आहे. अशा खुणा हजारो पत्रांत जुळवत न्यायच्या, तेव्हा कुठे एका पत्राला जागा मिळते. खरेशास्त्र्यांनी पत्रे नुसती छापली नाहीत. त्यांनी ती कालक्रमाने लावली आणि प्रत्येक प्रकरणाआधी घडामोडींची हकीकत लिहिली, म्हणजे वाचणाऱ्याला पत्रातला इशारा कळावा. कागद वाळवीपासून वाचवणे हे अर्धे काम झाले. हवा तो कागद हव्या त्या माणसाला सापडणे हे उरलेले अर्धे, आणि माझ्या मते तेच अवघड.

याचा पुरावा पुण्यात आहे. पेशवे दप्तरात ३५ हजारांच्या आसपास रुमाल आहेत. रुमाल म्हणजे चौकोनी कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. इंग्रजांनी हे दप्तर सांभाळले, कारण कोणाचे इनाम खरे आणि कोणाचे खोटे हे त्यांना तपासायचे होते. १८५२ च्या कायद्यानंतर इनाम कमिशनने ते उपसून काढले. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, चिटणिशी असे त्याचे विभाग आजही ओळखीचे आहेत. पण अभ्यासकांना हे दालन पुढे कित्येक वर्षे जवळपास बंदच राहिले. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांसारखा माणूस गावोगाव वाड्यांच्या माळ्यांवर कागद शोधत फिरला. १९१० मध्ये भारत इतिहास संशोधक मंडळ निघाले, त्यामागे ही तहान होती. अखेर १९३० नंतरच्या चार-पाच वर्षांत गोविंद सखाराम सरदेसायांच्या संपादनाखाली निवडक कागदांचे ४५ खंड छापले गेले. कागद तेच होते, इमारतही तीच. वाचकाला वाट मिळाली तेव्हा त्यांचा इतिहास झाला.

जपण्याचे शास्त्रही समजून घेण्याजोगे आहे, विशेषतः आपल्या दमट हवेत. जुन्या मोडी कागदावरची शाई काजळीची. काजळी उन्हाने उडत नाही, म्हणून अडीचशे वर्षांची अक्षरे आजही काळीभोर दिसतात. पण ती कागदाला धरून राहते ती डिंकाने, आणि डिंक पाण्यात सुटतो. म्हणून असा कागद हाताळणारा जाणकार आधी एका कोपऱ्यातल्या अक्षरावर ओलसर टीपकागद हलकेच दाबून पाहतो. काळा डाग उमटला तर पाण्याचा उपचार बंद. फाटलेल्या जागी पातळ जपानी टिश्यू लावतात, आणि लावायची खळ अशी की पुन्हा काढायची वेळ आली तर सहज निघावी. घरोघरी चालणारी चिकटपट्टी ही कागदाची वैरीण आहे. तिचा गोंद पिवळा पडून आत मुरतो आणि अक्षर घेऊनच सुटतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधणेही तितकेच वाईट, कारण आतली ओल आतच राहते. आपल्या जुन्या कारकुनांचा सुती रुमाल त्याहून कितीतरी शहाणा, त्यातून हवा खेळते.

ऑगस्ट २०१९ च्या पुराने सांगली, कोल्हापूर आणि बेळगाव जिल्ह्यांत घरेच्या घरे पाण्याखाली गेली. कपाटांच्या खालच्या खणांतली कागदपत्रे तर पहिल्यांदा गेली. भिजलेल्या कागदाला दोन दिवसांत बुरशी धरते. घाईने कडक उन्हात टाकला की तो आखडतो आणि पाने एकमेकांना चिकटतात. सावलीत, वाऱ्यावर, मध्ये टीपकागद घालून वाळवायचा. ढीग मोठा असेल तर गोठवून ठेवायचा आणि सवडीने एकेक काढायचा. १९६६ च्या नोव्हेंबरात इटलीत आर्नो नदीने फ्लॉरेन्सचे ग्रंथालय बुडवले, तेव्हा देशोदेशींची माणसे चिखलातली पुस्तके उपसायला धावली आणि या विद्येतले बरेच काही तिथे शिकली. कृष्णा-पंचगंगेच्या काठी आपल्यालाही ती शिकायला हवी, पुढच्या पुराच्या आधी.

कागद सापडणे आणि जपणे यांच्यानंतर मोडी हा तिसरा अडसर. शिरोरेषा आधी ओढायची, मग तिच्याखाली हात न उचलता शब्दाला शब्द जोडत जायचे, अशी ही धावती लिपी. गेल्या शतकाच्या मध्यानंतर ती शाळांतून गेली आणि दोन पिढ्यांत नातवाला आजोबांचे खरेदीखत वाचता येईना. २०२३ मध्ये महाराष्ट्रात मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधण्याचे काम सरकारने हाती घेतले, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. तहसील कचेऱ्यांत पडून असलेल्या गावनमुन्यांतून आणि जन्म-मृत्यूच्या नोंदवह्यांतून लाखो नोंदी बाहेर आल्या. ज्या वहीला कोणी हात लावत नव्हते तिच्यावर एका घराचे शिक्षण आणि नोकरी ठरू लागली.

वडगाव-खासबागच्या विणकर आणि व्यापारी घरांत, शहापूरच्या जुन्या पेढ्यांत, निपाणीच्या तंबाखूच्या वखारींत अशा वह्या आजही असतील. सूत कोणाकडून घेतले, साडी कोणत्या पेठेत गेली, उधारी किती, याचा हिशेब त्यांत सापडू शकतो. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ पासूनचे. अशा संस्थांनी या वह्या मागून घेण्याचा आग्रह धरू नये असे मला वाटते. घरचा कागद घरातच राहू दे, त्याची यादी तेवढी एका ठिकाणी होऊ दे. रकाने पाचच पुरेत: कोणाकडे आहे, कशाचा आहे, लिपी कोणती, साल कुठले ते कुठले, पाने किती. फोटो काढायचे तर यादीतला क्रमांक प्रत्येक फोटोच्या नावात घालायचा, नाहीतर मोबाइलमधल्या हजार फोटोंत तो कागद पुन्हा हरवतो. हे सगळे एका शाळेच्या शिक्षकाला आणि मोडी येणाऱ्या एखाद्या निवृत्त कारकुनाला सुट्टीत सुरू करता येईल. मिरजेतही सुरुवात एका शिक्षकानेच केली होती.