आधी श्वास, मग औषध

कोपरीतल्या एका गृहस्थांनी मागे मला एक प्रश्न विचारला होता. बऱ्याच वर्षांपूर्वी त्यांचे पहिले मूल जन्मल्यावर रडलेच नाही. मध्यरात्रीची वेळ. प्रसूतिगृहातून त्यांच्या हातात चिठ्ठी आली, "हे इंजेक्शन ताबडतोब आणा." जवळपासची दुकाने बंद. ते स्कूटरवरून पश्चिमेला निघाले आणि तेव्हाच्या अरुंद कोपरी पुलावर ट्रकांच्या रांगेत अडकले. परत आले तोवर मूल गेले होते. "डॉक्टर, मी दहा मिनिटं आधी पोचलो असतो तर?"

याचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही.

आईच्या पोटात बाळाची फुप्फुसे द्रवाने भरलेली असतात. प्राणवायू मिळतो तो वारेतून, नाळेवाटे. जन्मल्यावर पहिल्या काही श्वासांत तो द्रव बाजूला सारून तिथे हवा शिरावी लागते. शंभरातली पंचाऐंशी बाळे हे काम आपले आपण करतात. आणखी दहाएक कोरडे पुसले, ऊब दिली, पाठ चोळली की श्वास घेऊ लागतात. पाचेक बाळांना बाहेरून हवा द्यावी लागते. छाती दाबण्याची आणि औषध देण्याची वेळ हजारात एखाद्याच बाळावर येते.

असे का? मोठ्या माणसाचे हृदय अचानक थांबते ते पुष्कळदा हृदयाच्याच दुखण्याने. नवजात बाळाचे हृदय बहुधा धडधाकट असते. प्राणवायू मिळत नाही म्हणून ते मंदावते. तेव्हा उपाय करायचा तो फुप्फुसांवर. त्यासाठी लागते ती अँबू बॅग, म्हणजे हाताने दाबायची फुग्यासारखी पिशवी आणि नाकातोंडावर नीट बसणारा छोटा मास्क. पहिल्या मिनिटाच्या आत सुरुवात करायची, मिनिटाला ४० ते ६० वेळा दाबायचे आणि छाती वर येते की नाही हे पाहायचे. छाती हलत नसेल तर मान नीट करा, मास्क पुन्हा बसवा. दिवस भरलेल्या बाळाला सुरुवातीला साधी हवाही पुरते. बहुतेकांचे ठोके अर्ध्या मिनिटात वाढू लागतात.

एवढे करूनही ठोके मिनिटाला ६० च्या खालीच राहिले, तर हवा देता देता छाती दाबायची. तीन दाब, एक श्वास. आणखी मिनिटभरानेही फरक पडला नाही, तर मग ॲड्रिनॅलिन. ते रक्तवाहिन्या आवळते, त्यामुळे हृदयाच्या स्वतःच्या स्नायूला रक्त पोचते. पण त्या रक्तात प्राणवायू नसेल तर पोचून उपयोग काय? शिवाय आपल्याकडच्या एक मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमधले औषध दहापट पातळ करावे लागते. तीन किलोच्या बाळाला त्यातले एक मिलिलिटरही लागत नाही. ते शक्यतो नाळेतल्या शिरेतून द्यायचे. घाईत पातळ करायचे राहून गेले तर दसपट डोस जातो.

एके काळी सोडा बायकार्बोनेट, कॅल्शियम, स्टिरॉइड अशी इंजेक्शने सर्रास दिली जात. आता पहिल्या मिनिटांच्या उपचारांत त्यांना जागा नाही. घरच्या बाळंतपणात कानाशी थाळी वाजवत, नाकाशी कांदा धरत, वार शेकत. डॉक्टरांचे इंजेक्शन आणि सुईणीची थाळी यांना एका रांगेत बसवणे काहींना आवडणार नाही, पण नेमका श्वास देण्याचा वेळ दोन्हीकडे वाया जात होता.

याचा धडा महाराष्ट्राला मिळाला तो शहरात नव्हे, गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. न रडणाऱ्या बाळाला आधी नळी-मास्कने आणि पुढे बॅग-मास्कने श्वास द्यायला शिकवले. त्याचा अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. श्वास कोंडून होणारे मृत्यू तिथे बरेच घटले. याच बायका जंतुसंसर्ग झालेल्या बाळाला जेंटामायसिनचे इंजेक्शनही देत. म्हणजे सुईचे वावडे नव्हते. पण न रडणाऱ्या बाळासाठी त्यांच्या हाती सुई नव्हती, पिशवी होती.

त्या गृहस्थांना मी एवढेच सांगू शकलो, की ॲड्रिनॅलिन हे चिठ्ठी देऊन मागवायचे औषधच नव्हे. ते लागलेच तर काही मिनिटांत लागते आणि टेबलाशेजारच्या ट्रेमध्येच असावे लागते. पुलावर गेलेली दहा मिनिटे तुमच्या नावावर नाहीत. ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

मग म्हणाले, आता मुलीला सातवा लागलाय, नाव घालायचंय, काय विचारू? मी म्हटले, एनआयसीयू कुठे आहे, बाळाला हलवावे लागले तर कसे नेता, हे विचाराच. पण त्याच्याआधी विचारा, की बाळाची अँबू बॅग कुठे ठेवता, आणि ती वापरता येणारे माणूस रात्री दोन वाजता इथे असते का?