वाळूत दगड कुठून आला?

उत्तर गुजरातेतल्या वाळूच्या टेकड्यांवर नैसर्गिक दगड जवळपास नसतोच. म्हणून तिथे नखाएवढी अकिकाची कपची जरी दिसली, तरी ती कुणीतरी मुद्दाम आणलेली असणार. पुरातत्त्वीय सर्वेक्षणाचा पाया हाच. पावसाने पाडलेल्या घळी पायी पालथ्या घालायच्या, उघड्या पडलेल्या कपच्या वेचायच्या आणि त्यांची जागा नकाशावर टिपायची.

मेहसाणा जिल्ह्यातलं लांघणज असंच हाती लागलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या हसमुख सांकलियांनी 1940च्या दशकात तिथे उत्खनन सुरू केलं. मानवी सांगाड्यांच्या अभ्यासात इरावती कर्वे त्यांच्यासोबत होत्या. गुडघे पोटाशी दुमडून पुरलेली माणसं, हरणांची, नीलगाईंची हाडं आणि चक्क गेंड्याच्या खांद्याचं हाड! आज त्या रुक्ष मुलखात गेंडा कल्पनेतही येत नाही. त्या हाडावर खळगे आहेत. त्याचा ऐरणीसारखा वापर करून त्यावर दगडी पाती घडवत असावेत, असं मानतात.

पण राहायला वाळूच का? दोन टेकड्यांमधल्या खोलगटात पावसाचं पाणी साठतं, जनावरं तिथे येतात. माथा मात्र कोरडा राहतो. शिकाऱ्याला आणखी काय हवं?

वाळूचं वयही आता काढता येतं. गाडल्या गेलेल्या गारेच्या कणांत किरणोत्साराची ऊर्जा साठत जाते. नमुना अंधारातच काढून प्रयोगशाळेत त्यावर प्रकाश टाकला, की ती प्रकाशरूपाने बाहेर पडते. तिच्यावरून त्या कणाने शेवटचं ऊन कधी पाहिलं ते समजतं. मात्र बांधकामासाठी टेकडी उपसली, की हे सगळे थर एकदमच जातात, आणि ते परत रचता येत नाहीत.